शेखरच्या गाडीची बॅटरी

इंदिरानगर, नाशिक
१२ मार्च २०२५

चि. भिकन,

आशीर्वाद. तुझ्या आईला, सखूला, मी विचारल्याचं सांग.

तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. राग मानू नकोस. फोनवर तुझा आवाज शेखरसारखा येतो. समोर बसलास की तसं वाटत नाही, फोनवर वाटतं. मग मला पुढे बोलता येत नाही. मोबाईलवर एका बोटाने लिहायला बसलो तर निम्म्यात कंटाळा येतो. म्हणून हे पत्र. तूही पत्रच पाठव.

काम असं आहे. मुलगा गेला, सून राहिली, त्याची गाडी राहिली. ती आता हर्षाली वापरते. तिला आठवड्यातून दोन-तीन दिवस दिंडोरीला कंपनीत जावं लागतं, बाकी दिवस ती घरूनच काम करते. जायच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की नुसती टकटक होते. बॅटरी उतरलेली असते. मग वॉचमन आणि मी गाडी ढकलतो. नवीन बॅटरी घातली, तीही उतरली. इथला मेकॅनिक म्हणाला, बाहेरून जोडलेलं आधी काढा.

बाहेरून जोडलेलं म्हणजे डिक्कीतला तो वूफर आणि सीटखालचा ॲम्प्लिफायर. गाडीच्या कंपनीने दिलेला स्टिरिओ चांगला होता, पण शेखरला पुरत नव्हता. तुझ्या दुकानात दोघांनी मिळून तो सेट बसवलात. आता तो काढायचा आहे. माझी सगळी नोकरी ओझरला कारखान्यात वायरिंग तपासण्यात गेली, मी काढू शकतो. पण डिक्की उघडून पुन्हा बंद केली. तू बसवलंस, तूच काढ.

नाहीतरी तो कुणाच्या उपयोगाचा नाही. तुझ्या मामीने सांगितलं आहे की वर्षश्राद्धापर्यंत घरात कढई चढणार नाही आणि गाणं वाजणार नाही. टीव्ही फक्त बातम्यांपुरता, तोही आवाज बंद करून. उद्या होळी आहे. आमच्याकडे वरण-भात.

सवडीने ये.

तुझा,
रंगनाथमामा

⁕

मालेगाव
१७ मार्च

मामांना साष्टांग नमस्कार,

पत्र मिळालं. फोन करणार नाही. आवाज बदलून मिळाला असता तर बदलून घेतला असता, पण तसलं सामान माझ्या दुकानात नाही.

आई शेजारीच बसली आहे. सांगते, "भाऊले सांग, जेवाना कंटाळा नको करू." तिला मी म्हटलं, मामा लहान आहेत का? तर म्हणाली, "मन्हासाठी लहानच शे."

मामा, सेट काढायला मी येईन, पण आधी माझं ऐका. बॅटरी त्या सेटमुळे उतरत नसणार. कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प्लिफायर जोडायची वेगळी सोय नसते, म्हणून आवाज मागच्या स्पीकरच्या तारांतून घेतला. करंट थेट बॅटरीवरून आणला, मध्ये फ्यूज आहे. अर्थिंगसाठी मागच्या सीटखालचा रंग खरवडून वायर उघड्या पत्र्याला घट्ट बसवली. आणि एक बारीक वायर किल्लीच्या लाइनवरून घेतली. किल्ली काढली की ॲम्प्लिफायर झोपतो. तो झोपला की करंट खात नाही. मालेगावातल्या निम्म्या गाड्या मी अशाच केल्यात. रिक्षावाले तर सीटखाली एवढा मोठा डबा लावून घेतात की प्रवासी उतरून घरी गेला तरी हलत असतो. पण बॅटरी उतरली म्हणून कुणी परत आलं नाही.

आणि त्या दिवशी शेखरने माझ्या डोक्यावर बसून काम करून घेतलं होतं. शेवटी डिक्कीत पाय दुमडून बसला आणि म्हणाला, "भिक्या, झाकण लाव आणि वाजव, आत कसं वाटतं बघू." मी लावलं. थोड्या वेळाने उघडलं तर हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणाला, "दात हलले रे माझे." मी म्हटलं, मग दाताचा दवाखानाही काढतो दुकानात.

तुमच्याकडे मीटर असेलच. किल्ली काढून, बॅटरीची मायनस वायर सोडवून मध्ये लावा आणि काय येतं ते कळवा.

तुमचा,
भिकन

⁕

नाशिक
२४ मार्च

चि. भिकन,

मीटर लावून पाहिलं. एकदा सकाळी, एकदा रात्री. घड्याळाला लागतो तेवढाच करंट जातो. तुझं काम बरोबर आहे. दोष सापडला असता तर बरं झालं असतं, निदान काय करायचं ते कळलं असतं.

परवा पुन्हा बॅटरी उतरली. हर्षाली कंपनीत उशिरा पोचली. साहेबांनी तिला बोलावून विचारलं की तुम्हाला नोकरी करायची आहे ना. हे तिने मला सांगितलं नाही. तिचा भाऊ अमित आला होता, त्याच्याकडून कळलं. अमितचं म्हणणं, गाडी विकून टाका आणि ताईला स्कूटर घ्या. माणूस चांगला आहे, बहिणीच्या काळजीने बोलतो. हर्षाली ओट्यापाशी जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. तुझी मामी उठून बाल्कनीत गेली.

तेव्हा आता एकतर सेट जाईल, नाहीतर गाडी जाईल. गाडी जाऊ नये असं मला वाटतं. का ते लिहिता येत नाही. दोष सापडो न सापडो, सेट काढू. मग तरी बॅटरी टिकते का बघू, आणि अमितलाही काही सांगता येईल.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू येणारच आहेस. शेखरच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. येताना हत्यारं घेऊन ये.

तुझा,
मामा

⁕

मालेगाव
२९ मार्च

मामा, नमस्कार,

तुमचं पत्र वाचल्यापासून झोप नाही. मला आठवलं. चूक माझीच आहे.

ती बारीक वायर मी किल्लीच्या लाइनवर घेतली असं लिहिलं होतं. तसं नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, एक यंत्रमागवाले शेठ नवी गाडी घेऊन बसले होते, त्या घाईत मी ती थेट बॅटरीवर जोडली. त्यामुळे ॲम्प्लिफायर कधीकधी जागा राहत असेल. तुमच्या मीटरला ते दिसलं नाही, कारण ते सारखं होत नाही.

म्हणून सेट काढू नका. मी आखाजीला येऊन वायर बदलून देतो, काम मिनिटांचं आहे. अमितदादांना सांगा, दोष बसवणाऱ्याचा होता आणि सापडला. गाडी विकायची गोष्ट काढू देऊ नका. आणि घरात कुणाला काही विचारत बसू नका, उगाच. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

उद्या पाडवा. आईने तुमच्या नावाने देवापुढे दिवा लावते म्हणून सांगितलं आहे.

तुमचा,
भिकन

⁕

नाशिक
५ एप्रिल

चि. भिकन,

तुला खोटं लिहिता येत नाही.

फ्यूजच्या पेटीचं झाकण काढून पाहिलं. बारीक वायर किल्लीच्या लाइनवरच आहे. टोकाला पिवळी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर शेखरच्या अक्षरात 'किल्ली' लिहिलं आहे. इतकं नीट काम घाईत होत नाही. दोष कधीकधी असतो आणि कधीकधी नसतो, हे तू गिऱ्हाइकाला सांग, मला नको.

तू का खोटं लिहिलंस याचा मी विचार करत बसलो, तेव्हा माझ्याही लक्षात आलं. इंजिन बंद ठेवून, किल्ली अर्धी फिरवून कुणी बराच वेळ तो वूफर वाजवला तरच बॅटरी अशी उतरेल. हे तुला माझ्या आधी कळलं. आणि वाजवणारं कोण, तेही तू ओळखलंस. घरी काम असतं त्या दिवशी हर्षाली दुपारी बाहेर पडते. कुठे जाते मी विचारत नाही. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जाते.

तिचं वय काय आहे. घरात आम्ही दोघं म्हातारी, टीव्ही मुका. शेखरच्या गाडीत बसून तिने त्याची गाणी ऐकली तर कुणाचं काय गेलं? पण तुझ्या मामीच्या कानावर हे जाता कामा नये. तिने ज्या दिवशी गाणं बंद म्हणून सांगितलं, त्या दिवशी तिचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला.

मी बॅटरी चार्जर आणला आहे. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढून घेतो आणि सगळे झोपले की लावतो, सकाळी काढतो. वॉचमन म्हणतो, "काका, गाडीला सलाईन लावलं का?" म्हटलं, हो. तेव्हापासून गाडी पहिल्या किल्लीला चालू होते. हर्षाली काही बोलली नाही, मीही नाही.

तूही तिला काही विचारू नकोस.

तुझा,
मामा

⁕

मालेगाव
९ एप्रिल

मामा,

पकडला गेलो. माफ करा. मला वहिनींचाच विचार आला होता. फोन करून त्यांना विचारावं असं मनात आलं, पण काय विचारणार? वहिनी, तुम्ही रडायला कुठे बसता, असं?

चार्जर रोज रोज लावू नका, बॅटरी खराब होईल. एकाआड एक लावा. आणि पावसाचा थेंब दिसला तर अजिबात नको, वायर उघड्यावर आहे तुमची. बाकी तुम्ही केलं ते बरं केलं.

हत्यारं आणू की नको, तेवढं कळवा.

भिकन

⁕

नाशिक
१७ एप्रिल

चि. भिकन,

आपण दोघांनी चुकीच्या माणसावर संशय घेतला. आणि एकटे आपणच नाही.

सोमवारी संध्याकाळी मी भाजी निवडत होतो. तुझी मामी देवळात गेली होती. हर्षाली लॅपटॉप बंद करून समोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, एक बोलू? रागावणार नाही ना?" म्हटलं, बोल. तर म्हणते, "तुम्ही दुपारी खाली गाडीत बसता ते मला माहीत आहे. किल्ली कधी उजव्या खिळ्याला असते, कधी डाव्या. रात्री चार्जर लावता तेही मी वरून पाहिलं. बसत जा. मी आईंना सांगणार नाही. फक्त इंजिन चालू करून बसत जा, पेट्रोल मी भरेन."

मी गवारीच्या शेंगा मोडत राहिलो. मी तिच्यासाठी चार्जर लावत होतो, आणि तिला वाटलं मी माझा अपराध झाकतोय. मी नाही म्हणालो असतो तर मग कोण, हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता. म्हणून "बरं," म्हणालो.

"दुपारी तू कुठे जातेस?" एवढं विचारलं.

"बागेत. बाकावर बसते. कधी झोपते पण."

बुधवारी दुपारी मी झोपल्यासारखा पडून राहिलो. दार वाजलं. किल्लीचा आवाज झाला. थोड्या वेळाने मी जिना उतरून पार्किंगमध्ये गेलो. गाडीच्या काचा बंद. बाहेर शब्द येत नव्हते, फक्त धपधप येत होती आणि मागची नंबरप्लेट थरथरत होती. मागच्या सीटवर तुझी मामी बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर हात, समोर बघत. बसमध्ये बसते तशी. उकाडा इतका की केस कपाळाला चिकटले होते.

मी परत फिरायला हवं होतं. पण तिने मान वळवली. मग ती घाबरली. मागच्या सीटवरून तिला स्टिरिओ बंद करता येईना, दाराचा खटका सापडेना. ते गाणं वाजतच राहिलं. लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं काहीतरी होतं. मी पुढचं दार उघडून किल्ली काढली.

मग तीच म्हणाली, "घरात गाणं नको म्हटलं होतं मी. गाडी घर आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग झालं तर," म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून वर निघून गेली. जिन्यात थांबून एवढंच विचारलं, "बॅटरी माझ्यामुळे उतरत होती?" मी म्हणालो, "बॅटरीतच दोष होता." तिने ते मानलं नाही.

हे हर्षालीला सांगितलेलं नाही. तिच्या लेखी अजून मीच बसतो.

तुझा,
मामा

⁕

मालेगाव
२१ एप्रिल

मामा,

पत्र दुकानात वाचलं आणि शटर ओढून घेतलं. गिऱ्हाईक बाहेरून ओरडत होतं, ओरडू दिलं.

मामींनी मला एकदा विचारलं होतं, आता आठवतंय. तेराव्याला मी निघालो तेव्हा दारात म्हणाल्या, "त्या डब्याला काही तेल-पाणी लागतं का रे?" मी म्हटलं, नाही मामी, काही लागत नाही. मला वाटलं, शेखरची वस्तू म्हणून विचारतात.

त्या अजून खाली जातात का? तेवढं कळवा. जात असतील तर मी किल्लीपाशी एक बटण लावून देतो, इंजिन चालू केल्याशिवाय सेट लागणारच नाही. जात नसतील तर मात्र मला बरं वाटणार नाही.

आणि एक बोलतो, लहान तोंडी मोठा घास. मी भाचा आहे. भाच्याला एवढा मान असतो. आखाजीला घागर भरून झाली की मी गोड घेऊन येतो, आईच्या हातची मांडे-खीर, आणि तुमचा दुखवटा काढतो. वर्ष व्हायची वाट कशाला? मामींना सांगा, भिकनने हट्ट धरला. नाहीतर मी येऊन दारात बसतो.

तुमचा,
भिकन

⁕

नाशिक
२७ एप्रिल

चि. भिकन,

ती खाली जात नाही. त्या दिवसापासून एकदाही गेली नाही. किल्ली एकाच खिळ्याला असते. दुपारी ती पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडते. चार्जर मी काढून ठेवला आहे, गरज पडत नाही. गाडी सकाळी लगेच चालू होते, हर्षाली वेळेवर जाते. अमितने पुन्हा विषय काढला नाही. आपल्याला जे हवं होतं ते सगळं झालं, आणि घर पहिल्यापेक्षा जड झालं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. दुखवटा काढायचा मान तुझा आहे, पण तो तू काढेपर्यंत थांबणं मला जमलं नाही. रागावू नकोस.

काल आखाजीची घागर आणायला पंचवटीत जायचं होतं. मी म्हटलं, गाडीने जाऊ. ती म्हणाली, रिक्षा करू. मी म्हटलं, घागर फुटेल. तेव्हा तयार झाली. मागे बसली.

पंचवटीत कुंभाराकडे उतरलो. तिने घागर वाजवून वाजवून पाहिली, कुंभाराला म्हणाली, "ही नको, हिचा आवाज भरीव येतोय, कच्ची राहिलीय," आणि दुसरी घेतली. शेखरसाठी घ्यायची घागर, पण नेहमीसारखीच दर पाडून घेतली.

येताना द्वारकेच्या चौकात गाड्या अडकल्या. ऊन होतं. आरशात पाहिलं तर ती घागर मांडीवर धरून बसली होती, तीच बसमधल्यासारखी. मला काय वाटलं कोण जाणे. मी स्टिरिओ लावला. तो हाताळायची मला सवय नाही, आवाज एकदम मोठा लागला. तसाच ठेवला. काचा उघड्या होत्या. शेजारच्या मोटरसायकलवरची दोन पोरं वाकून बघायला लागली. एक दुसऱ्याला म्हणाला, "आजोबा जोरात हैत!" एका रिक्षावाल्याने मान डोलावली. इतकी वर्षं या गावात राहतो, चौकात माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "अहो, काय हे! बंद करा. वर्ष व्हायचंय अजून."

मी म्हटलं, "मी लावलंय. दोष लागला तर मला लागेल."

सिग्नल सुटला, पुन्हा अडकला. वूफरचा ठोका पडला की तिच्या मांडीवरची घागर आतून घुमत होती, मला पुढे ऐकू येत होतं. तिने घागरीच्या तोंडावर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. रडत होती. मी आरशात बघणं बंद केलं.

आखाजीला ये. सखूलाही घेऊन ये. गोड आण, मांडे मोडू नयेत म्हणून डबा मोठा घे. हत्यारं आणू नकोस. हर्षालीला घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ती सासूजवळ जाऊन बसली. दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, दार लोटून घेतलं होतं.

चौकातलं राहिलं. लोक फारच बघायला लागले, तेव्हा मी हात पुढे करून आवाज थोडा उतरवला. आणखी थोडा उतरवला. तर मागून म्हणाली, "एवढाही नका कमी करू."

तुझा,
रंगनाथमामा